नाकासेन्दोवरच्या जुन्या सराईत रहायचंय? बुकिंगपासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत सगळं

जपानला जाणाऱ्या आपल्या लोकांचे प्लॅन बघितले तर टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका हे ठरलेलं असतं, आणि मधला डोंगराळ मुलूख शिन्कान्सेन बुलेट ट्रेनच्या खिडकीतून दिसतसुद्धा नाही कारण ती समुद्राच्या बाजूने जाते. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की शहरातली एक रात्र कमी करा आणि नागोयावरून आत किसोच्या खोऱ्यात जाऊन त्सुमागो नाहीतर मागोमे गावात एखाद्या जुन्या सराईत रहा. तिथे रहायची मात्र एक रीत आहे, हॉटेलसारखं कधीही या कधीही जा असं चालत नाही, आणि ती रीत आधी माहीत असली की आपल्यालाही छान वाटतं आणि त्या घरच्या लोकांनाही त्रास होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिथले नियम समजत नाहीत. एदो काळात, 1603 ते 1868, एदोहून (आत्ताचं टोकियो) पाच मोठे सरकारी रस्ते निघायचे. त्यातला नाकासेन्दो हा डोंगरातून क्योटोला जाणारा, सुमारे 530 किमीचा, आणि वाटेत मुक्कामाची 69 गावं. मागोमे 43वं, त्सुमागो 42वं. 1635 पासून शोगुनने, म्हणजे देशाच्या लष्करी राज्यकर्त्याने, सरदारांना एक वर्ष एदोत आणि एक वर्ष आपल्या मुलखात असं आलटून पालटून रहायला लावलं, त्यामुळे त्यांचे लवाजमे या रस्त्यांवरून सतत ये-जा करत. सरदार उतरायचे ते घर होन्जिन, त्याच्या खालोखाल वाकी-होन्जिन, साध्या प्रवाशांना जेवणासकट उतरायला हातागो, आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याला किचिन-यादो, तिथे फक्त सरपणाचे पैसे द्यायचे आणि शिधा आपला आपण शिजवून खायचा. 1861 साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला क्योटोहून एदोला गेली ती याच वाटेने.

मग रेल्वे आली. 1911 मधे चुओ लाइन पूर्ण झाली, ती त्सुमागोला बाजूला टाकून नदीकाठाने गेली, गावाचा धंदा बसला, तरुण मंडळी शहरात गेली, आणि नवीन बांधायला पैसाच नसल्यामुळे जुनी घरं तशीच राहिली. 1968 मधे गावाने घरं दुरुस्त करायचं काम सुरू केलं, 1971 मधे गावकऱ्यांनी मिळून ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही, आणि 1976 मधे सरकारने गावाला संरक्षित दर्जा दिला. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात मोठं वाटतं. बाहेरच्या कुठल्या कंपनीने येऊन घरं विकत घेतली आणि हेरिटेज हॉटेलं काढली असं तिथे होऊ दिलं नाही. त्यामुळे तुम्ही उतरता ते कुणाचं तरी चालतं घर असतं, रात्रीचं जेवण वाढणाऱ्या बाई बहुतेक वेळा त्याच घरच्या असतात, आणि दोन-तीन माणसंच सगळं बघतात, भाजी आणण्यापासून न्हाणीघर घासण्यापर्यंत. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

गाव कुठलं निवडायचं? मागोमे चढावर आहे, दगडी फरसबंदीची उभी गल्ली, वर गेलं की समोर एना पर्वत, फोटो फार सुंदर येतात, पण 1895 आणि 1915 च्या आगींत गाव जळालं त्यामुळे घरं नंतर बांधलेली आहेत. त्सुमागो खाली सपाटीला, घरं जास्त जुनी, विजेच्या तारा लपवलेल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी. आणि दोघांच्या मधे, त्सुमागोच्या थोडं अलीकडे ओत्सुमागो म्हणून चार-दोन घरांची वाडी आहे, तिथेही मिन्शुकु म्हणजे घरगुती छोट्या सराया आहेत. माझं मत विचाराल तर रहायचं त्सुमागो किंवा ओत्सुमागोला आणि मागोमे चालत येताना बघायचं. दिवसा दोन्हीकडे टूरिस्ट बसेस भरून माणसं येतात, पण पाचच्या आत सगळे परत जातात आणि दुकानंही बंद होतात, त्यानंतर तो रस्ता फक्त गावकऱ्यांचा आणि मुक्कामाला राहिलेल्यांचा असतो, त्यासाठीच रहायचं.

बुकिंग लवकर करा. एकेका सराईत खोल्या मोजक्याच असतात, आणि एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे महिनोन् महिने आधी भरतात. काही सराया नेहमीच्या बुकिंग साइटवर सापडतात, काहींना फोनच करावा लागतो आणि पलीकडे इंग्रजी बोलणारं कुणी नसतं. अशा वेळी गावच्या पर्यटन कार्यालयाला ईमेल करून विचारावं, किंवा जपानी येणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला फोन करायला सांगावं, पुण्यात तर जपानी शिकलेली मुलं घरोघरी सापडतील. बुक करताना "एक रात्र दोन जेवणं" असा दर बघा, म्हणजे रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. दर माणशी असतो, खोलीचा नाही, हे आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. साधारण माणशी 10 ते 15 हजार येन धरून चाला, नावाजलेल्या ठिकाणी जास्त. पैसे स्वस्त पडतील म्हणून बिनजेवणाचं घेऊ नका, कारण संध्याकाळी गावात जेवायला जवळपास काही उघडं नसतं. आणि बुकिंग करून न जाणं किंवा ऐनवेळी कॅन्सल करणं तर अजिबात नको, त्या बाईंनी तुमच्या नावाचे मासे आणि भाज्या आणून ठेवलेल्या असतात.

आता जेवण, यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण आपल्या लोकांचं गाडं इथेच अडतं. किसोचं जेवण डोंगरातलं आहे. नदीतला मासा मीठ लावून काडीला खोवून भाजलेला, रानभाज्या, मशरूम, सोबाच्या (कुट्टूच्या) शेवया, टोफू, भात, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, लोणची, आणि बऱ्याच ठिकाणी घोड्याचं कच्चं मांस, कधी टोळ किंवा गांधीलमाशीच्या अळ्या गोड सॉसमधे शिजवलेल्या. मांसाहारी लोकांनी थोडं थोडं सगळं चाखून बघावं, तिथल्या लोकांनी कठीण हिवाळ्यात जगायला शोधलेलं अन्न आहे ते. सुन्की नावाचं लोणचं मिळालं तर नक्की खा, सलगमच्या पाल्याचं, मीठ अजिबात न घालता आंबवलेलं.

शाकाहारी लोकांनी मात्र नीट ऐका. नुसतं "व्हेजिटेरियन" सांगून भागत नाही. जपानी स्वयंपाकात दाशी नावाचं पाणी जवळजवळ सगळ्यात असतं, मिसो सूपमधे, उकडलेल्या भाज्यांत, टोफूवर, सोबा बुडवायच्या सॉसमधे, आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून केलेलं असतं. समोर नुसती भाजीच दिसते आणि त्यात मासा असतो. म्हणून बुकिंग करतानाच सांगायचं, आठवडाभर आधी पुन्हा आठवण करायची, आणि अगदी मोकळेपणाने विचारायचं की जमेल का. कोकणात घरगुती खानावळीत उकडीचे मोदक हवे असतील तर आपण आदल्या दिवशी सांगून ठेवतो ना, तसंच आहे हे, आयत्या वेळी कुणालाच जमत नाही. काही घरं कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची दाशी करून देतात, काही घरं सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर राग मानू नका, दुसरं घर बघा, ते प्रामाणिकपणे सांगतायत.

सांगायचं वाक्य असं, "निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओदाशी मो ताबेमासेन." मांस आणि मासे खात नाही, कात्सुओची दाशीही खात नाही. अंडं चालत असेल तर "तामागो वा दाइजोबु देस" जोडा, त्यांना फार सोपं पडतं. हेच जपानी लिपीत कागदावर छापून न्या आणि पोचल्यावर दाखवा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तेही लिहा. आणि तरीही बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या असं काहीतरी ठेवा, गरम भात तर मिळतोच, आणि तो इतका सुंदर असतो की मेतकूट घातलं की एक वेळ मजेत निघते. टेबलावर आपला डबा उघडायच्या आधी एकदा विचारा मात्र. आणि खोलीत छोटा कुकर किंवा शेगडी लावून मॅगी, खिचडी असलं काही करू नका. पूर्ण लाकडाचं घर आहे, गावं आगीत गेल्याचा इतिहास त्यांच्या डोळ्यासमोर आहे. उदबत्ती, निरांजन पण नको.

पैसे रोख न्या. कार्ड घेणाऱ्या सराया आता दिसतात पण भरवसा ठेवू नका, गावात कन्व्हिनिअन्स स्टोअर नाही त्यामुळे नागोया किंवा वाटेत लागणाऱ्या नाकात्सुगावाला एटीएममधून काढून घ्या. टिप द्यायची नाही, ठेवलीत तर मागे धावत परत द्यायला येतील. भारतातून छोटीशी मिठाई नेली तर आनंदाने घेतात. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवावा लागतो तो हाताशी ठेवा. प्लग दोन चपट्या पिनांचा लागतो आणि वीज 100 व्होल्टची, अॅडाप्टर घरूनच न्या.

सामान कमी न्या, हे शंभर वेळा सांगते. मोठ्या सूटकेसा टोकियोच्या हॉटेलातून कुरियरने थेट क्योटोच्या हॉटेलवर पाठवा, ही सोय जपानभर आहे आणि अतिशय चोख आहे, तुम्ही फक्त एका रात्रीची पाठपिशवी घेऊन डोंगरात जा. सराईत जिना अरुंद आणि उभा, खोलीत तातामी म्हणजे गवताच्या विणलेल्या चटया, त्यावर चाकांची बॅग ओढली की त्या खराब होतात. मोठी बॅग नेलीच असेल तर मागोमे आणि त्सुमागोच्या पर्यटन कार्यालयांमधे बॅगा पोचवायची सेवा आहे, सकाळी एका गावात द्यायची आणि दुपारी दुसऱ्या गावात घ्यायची. सकाळी ठरावीक वेळेपर्यंतच घेतात, आणि हिवाळ्यात चालू असेलच असं नाही, आधी विचारून घ्या.

जायचं कसं, तर नागोयाहून शिनानो एक्सप्रेसने नाकात्सुगावा, पाऊण-एक तास, तिथून बसने मागोमे अर्धा तास. बसेस कमी आहेत, परतीची वेळ पण तेव्हाच बघून ठेवा. मागोमेहून त्सुमागो चालत आठ किलोमीटर, फोटो काढत रमतगमत तीन तास. मागोमेकडूनच निघा, कारण त्या बाजूने घाटमाथा जवळ आहे, सुमारे 800 मीटरवर, चढ लवकर संपतो आणि मग सगळा उतार. गुडघे दुखणाऱ्यांना उतारही त्रास देतो, त्यांनी काठी घ्यावी किंवा सरळ बसने जावं, काही बिघडत नाही. वाटेत जागोजागी घंटा टांगलेल्या आहेत, अस्वलं आहेत त्या जंगलात, म्हणून प्रत्येक घंटा वाजवत जायचं. मधे एक जुनं चहाचं घर आहे, तिथे गावकरी येणाऱ्या जाणाऱ्याला चहा देतात, पैसे मागत नाहीत, तिथे पाच मिनिटं टेकाच आणि पेटीत काहीतरी टाका. दोन्ही बाजूला हिनोकीची (जपानी सायप्रस) उंच झाडं दिसतील. एदो काळात किसोमधे ही झाडं तोडायला बंदी होती, एका झाडाला एक मुंडकं अशी शिक्षा लोक सांगायचे. आणि मागोमेत खायला थांबलात तर गोहेइमोची घ्या, भात कुटून काडीला थापतात, वरून अक्रोड आणि मिसो किंवा सोया सॉसचा लेप देऊन निखाऱ्यावर भाजतात. लेपात दाशी आहे का ते विचारा, शाकाहारी असाल तर.

सराईत चार-पाचच्या दरम्यान पोचा. उशीर होणार असेल तर फोन करा, ते खरंच काळजी करतात की पाहुणा डोंगरात हरवला का. दारात बूट काढून पायरीवर वर चढायचं, चप्पल घालायची, खोलीच्या तातामीवर मात्र ती चप्पलही काढायची. संडासाची चप्पल वेगळी असते, ती घालून बाहेर फिरू नका. खोलीत एका भिंतीत थोडा उंच केलेला कोनाडा असतो, चित्र किंवा फुलं ठेवलेला, तिथे बॅग ठेवायची नाही, तो मानाचा भाग आहे. दाराला कुलूप बऱ्याचदा नसतं, भिंती कागदाच्या आणि लाकडाच्या, शेजारच्याचं कुजबुजणंही ऐकू येतं, त्यामुळे रात्री घरी व्हिडिओ कॉल स्पीकरवर नको, लहान मुलं असतील तर बुकिंगमधेच कळवा म्हणजे कडेची खोली देतील.

युकाता, म्हणजे पातळ सुती किमोनो, ठेवलेली असते, ती जेवायला, गावात फिरायला सगळीकडे चालते. घालताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे, उलटी फक्त मृत माणसाला नेसवतात, म्हणून बघितल्यावर बाई घाईघाईने येऊन नीट करतील.

अंघोळ जेवणाआधी. छोट्या सराईत एकच न्हाणीघर असतं आणि पाळीपाळीने जायचं, दार आतून लावून घेता येतं, त्यामुळे अनोळखी लोकांसमोर कसं जायचं ही आपल्याकडच्या बायकांची भीती इथे बहुतेक रहात नाही, तरी बुकिंग करताना विचारून घ्या. टबाच्या बाहेर स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, साबण धुवून टाकायचा, मगच कढत पाण्याच्या टबात उतरायचं. टब हिनोकीचा असला तर त्याचा वास विसरणार नाही तुम्ही. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, आणि निघताना टबाचं पाणी सोडून द्यायचं नाही, तेच पाणी तुमच्यानंतर सगळ्यांना वापरायचंय. पुढच्या माणसाची वाट बघवू नका, वीस मिनिटात आटपा.

जेवण सहाच्या सुमारास, सगळ्यांना एकाच वेळी. सव्वासहाला नाही, सहालाच जा. जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर आधी सांगा, बिनपायांची खुर्ची किंवा टेबल देतात बऱ्याच ठिकाणी. सुरू करताना "इतादाकिमास", संपल्यावर "गोचिसोसामा देशिता", एवढं म्हटलं तरी बाईंचा चेहरा खुलतो. काही घरांत जुनी चूल, इरोरी म्हणतात, जमिनीत खोदलेली, तिच्याभोवती बसवतात आणि यजमान गावाच्या गोष्टी सांगतात, भाषा नाही कळली तरी बसा. मी राहिले होते त्या घरच्या आजींनी जेवणानंतर आजोबांच्या वेळचा फोटो काढून दाखवला, रस्त्यावर दोन्ही बाजूला पडकी घरं, आणि मग बोटाने एकेक घर दाखवत कुणी कसं उभं केलं ते सांगत राहिल्या. मला त्यातलं निम्मंच कळलं पण गावाची किंमत त्या अर्ध्या तासात जी कळली ती वाचून कळली नसती.

जेवण होईपर्यंत कुणीतरी गाद्या घालून ठेवतं, छोट्या मिन्शुकुत आपल्या आपण घालायच्या, कपाटात असतात. उशी कधीकधी सोबाच्या टरफलांची, टणक वाटते, नको असेल तर दुसरी मागा. हिवाळ्यात किसोत रात्री शून्याच्या खाली जातं आणि घरात सेंट्रल हीटिंग नसतं, रॉकेलचा हीटर झोपताना बंद करतात, जाड मोजे आणि थर्मल हवेतच. झोपायच्या आधी एक चक्कर गावातून माराच, पण दुसऱ्यांच्या अंगणात किंवा खिडकीत डोकवायचं नाही आणि आवाज करायचा नाही, लोक आत झोपलेले असतात.

सकाळी नाश्ता सात-साडेसातला, पुन्हा भात, सूप, मासा. निघायच्या आधी किंवा हिशेब झाल्यावर लगेच गावात फिरून या, पहिली बस यायच्या आधीचा तास फार चांगला. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर पुढे आलेला दिसेल, बारीक लाकडी जाळ्या दिसतील, आणि एका ठिकाणी रस्ता मुद्दाम काटकोनात वळवलाय, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून. त्सुमागोतलं वाकी-होन्जिन ओकुया नऊच्या सुमारास उघडतं, 1877 मधे हिनोकीने बांधलेलं, तिकीट काढून आत जा, आत इरोरी पेटलेली असते आणि हिवाळ्यात जाळीतून येणारी उन्हाची तिरीप धुरात दिसते. 23 नोव्हेंबरला गावात एदो काळच्या वेशातली मिरवणूक असते, त्या तारखेला रहायचं असेल तर वसंतातच चौकशी सुरू करा.

पुढे जायला त्सुमागोहून नागिसो स्टेशनला बसने दहा मिनिटं, चालत तासभर. नागिसोला एक्सप्रेस गाड्या अगदी थोड्या थांबतात, तेव्हा यजमानांकडून वेळ विचारून घ्या, बहुतेकांकडे छापील वेळापत्रक भिंतीवरच लावलेलं असतं, चुकली तर लोकलने नाकात्सुगावाला या आणि तिथून नागोयाची गाडी पकडा. सप्टेंबरनंतर गेलात तर नाकात्सुगावाला स्टेशनजवळ कुरिकिन्तोन घ्या, चेस्टनट आणि साखर एवढंच असतं, शाकाहारी लोकांना निर्धास्त खाता येतं.